चौथीच्या गणितात तेरा टक्क्यांची घसरण: बडोद्यातील एका शिक्षक-मूल्यांकनाची फेरतपासणी

हे प्रकरण सीआरसी को-ऑर्डिनेटर (आसपासच्या शाळांच्या समूह साधन केंद्राचे समन्वयक), आचार्य (मुख्याध्यापक) आणि शिक्षक यांनी एकत्र बसून वाचावं म्हणून रचलेलं आहे. शाळा, बाई आणि वर्गाचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. कायद्याची कलमं, न्यायालयीन निवाडे आणि निकष मात्र खरे आहेत.

शाळा बडोद्याच्या जुन्या शहरातली, महापालिकेची, मराठी माध्यमाची. पहिली ते पाचवी, पट 104. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे 91 ते 120 मुलांमागे चार शिक्षक मंजूर होतात, म्हणजे पाच वर्गांना चारच. सगळे हजर असले तरी एक वर्ग कोणाच्या तरी वर्गाला जोडलेला असतोच. ही गोष्ट मूल्यांकनाच्या कुठल्याच फॉर्मवर दिसत नाही, म्हणून इथे सुरुवातीलाच नोंदवली.

ऑक्टोबरच्या सत्रांत परीक्षेत चौथीचा गणिताचा सरासरी निकाल 48 टक्के लागला. मागच्या वर्षी तिसरीत असताना याच वर्गाची सरासरी 61 होती. सहामाही आढाव्यात चौथीच्या बाईंच्या नावापुढे शेरा पडला: ‘वर्गाचा निकाल घसरला. अध्यापनात रस कमी. सुधारणेची गरज.’ पुढच्या वर्षी बाईंचं नऊ वर्षांच्या नोकरीनंतरचं पहिलं उच्चतर पगारधोरण (वरची वेतनश्रेणी) येणार आहे, तेव्हा असा शेरा फाइलमध्ये पडून राहणं त्यांना परवडणारं नाही. त्यांनी लेखी हरकत घेतली. हरकतीत तीनच वाक्यं होती: वर्गातली मुलं बदलली आहेत. मला महिनाभर दुसऱ्या कामाला लावलं होतं. माझा तास कोणी पाहिलेला नाही.

तिन्ही दावे कागदावर आणि वर्गात जाऊन तपासता येतात. तपासले तेव्हा तिन्ही खरे निघाले. तरीही बाईंच्या शिकवण्यात एक मोठी उणीव होतीच. ती ना शेऱ्यात होती, ना हरकतीत. चुकीच्या शेऱ्यामुळे बाईंवर अन्याय झाला हे तर आहेच, पण मागच्या बाकांवरच्या मुलांचं नुकसान त्याहून मोठं झालं, कारण ‘रस कमी’ एवढं लिहिलं की पुढे काही शोधायची गरजच उरत नाही.

आधी पट उलगडा

निकालाच्या सरासरीला हात लावण्यापूर्वी जनरल रजिस्टर आणि दाखल्यांची फाइल उघडायची. या कामाला दीड तास पुरतो आणि ते आचार्यांनी स्वतः करायचं असतं.

मागच्या वर्षी तिसरीत 21 मुलं होती. त्यांतली सहा जून-जुलैमध्ये दाखला घेऊन गेली, बहुतेक खासगी इंग्रजी माध्यमाकडे. या सहांची तिसरीतली सरासरी होती 71. मागे राहिलेल्या 15 मुलांची तिसरीतली सरासरी काढली तर येते 57. याच 15 मुलांची यंदाच्या ऑक्टोबरमधली सरासरीही 57 च आहे. जून ते सप्टेंबर या काळात नऊ मुलं नव्याने दाखल झाली, त्यांची सरासरी 33. आता गुणाकार करून पाहा: 15 गुणिले 57 म्हणजे 855, 9 गुणिले 33 म्हणजे 297, बेरीज 1152, भागिले 24, उत्तर 48.

म्हणजे तेरा टक्क्यांची जी घसरण शेऱ्यात आली, ती कुठल्याही एका मुलाची घसरण नाही. चांगले गुण मिळवणारी सहा मुलं गेली, कच्ची नऊ आली, एवढाच तिचा अर्थ. मोठ्या शाळेत अशी ये-जा सरासरीत मुरून जाते. चोवीसच्या पटात दोन मुलांनी दाखला घेतला तरी आकडा हलतो. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने 2014 मध्ये शिक्षकांच्या मूल्यांकनाबद्दल निवेदन काढलं होतं. बहुतेक अभ्यासांनुसार मुलांच्या परीक्षेतल्या गुणांच्या फरकापैकी 1 ते 14 टक्के फरकच शिक्षकांकडे बोट दाखवतो, असं त्यात म्हटलं होतं. आकडे तिकडचे असले तरी इशारा आपल्या चोवीसच्या वर्गाला जास्तच लागू आहे.

पण 57 आणि 57 सारखे आले म्हणून ‘बाईंचं काम ठीक’ असंही म्हणता येत नाही. तिसरीची प्रश्नपत्रिका वेगळी, चौथीची वेगळी, तपासणारा हात वेगळा. या तुलनेतून एवढंच सिद्ध होतं की घसरणीच्या शेऱ्याला आधार नाही.

इथेच थांबण्याचा मोह होतो, आणि बहुतेक फेरतपासण्या इथेच थांबतात. आणखी एक पायरी उतरायला हवी. त्या 15 मुलांचे तिसरीतल्या गुणांप्रमाणे दोन गट केले. वरची पाच: तिसरीत सरासरी 75, आता 84. उरलेली दहा: तिसरीत 48, आता 43.5. एकूण बेरीज दोन्ही वर्षी 855 च, पण आतलं अंतर 27 वरून 40.5 वर गेलं आहे. साधारणपणे एका परीक्षेत फार वर असलेली मुलं पुढच्या परीक्षेत थोडी खाली येतात आणि खालची थोडी वर सरकतात, कारण कोणत्याही परीक्षेत नशिबाचा वाटा असतोच. इथे झालं उलटं. पाच आणि दहा मुलांच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये, पण वर्गात गेल्यावर कुठे पाहायचं ते यातून कळतं: मागच्या दहा मुलांकडे.

बाई वर्गात किती दिवस होत्या

हजेरीपत्रक, हुकमांची फाइल आणि ऑन-ड्यूटीच्या नोंदी एकत्र ठेवून दिवस मोजले. परीक्षेपर्यंत कामाचे 96 दिवस झाले. त्यांतले 14 दिवस बाई बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून मतदारयादीच्या कामावर होत्या, 5 दिवस प्रशिक्षणाला, 3 दिवस रजेवर. वर्गात होत्या 74 दिवस. उरलेल्या 22 दिवसांत चौथी कधी तिसरीत बसली, कधी पाचवीत. या काळात गणिताचा एकही नवा घटक शिकवला गेला नाही. मुलांना ‘वाचत बसा’ सांगितलेलं होतं.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 शिक्षकांना शिक्षणेतर कामाला लावू नये असं सांगतं, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं त्यातून वगळतं. म्हणजे बीएलओचं काम नाकारता येत नाही. मात्र डिसेंबर 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक आयोग आणि सेंट मेरीज स्कूल यांच्यातल्या प्रकरणात स्पष्ट केलं की मतदारयादीचं काम शिक्षकांकडून सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी घ्यावं, अध्यापनाच्या वेळेत सहसा घेऊ नये. हा निवाडा आचार्यांच्या टेबलावर हवा. हुकूम येतो तेव्हा शाळेने वेळेबद्दल लेखी विनंती करायला हवी होती, ती केलेली नव्हती. ही चूक शाळेची, आणि फेरतपासणीच्या अहवालात ती शाळेच्या नावावरच लिहिली गेली.

मूल्यांकनाच्या फॉर्ममध्ये ‘शिक्षकाची हजेरी’ असा रकाना असतो. त्यात ऑन-ड्यूटी धरून बाईंची हजेरी 96 पैकी 93 दिसते, म्हणजे उत्तम. वर्गात प्रत्यक्ष मिळालेल्या दिवसांचा रकाना नसतो. तो हाताने वाढवावा, शेजारी-शेजारी दोन आकडे लिहावेत. एक आकडा बाईंच्या नियमितपणाचा, दुसरा मुलांना मिळालेल्या शिकवण्याचा. दोन्ही एकच समजले की कोणावर तरी अन्याय होतोच.

गणिताचा पेपर, परीक्षा वाचनाची

नवी आलेली नऊ मुलं कोण? चार जणांची कुटुंबं नंदुरबार-धुळे भागातून बांधकामाच्या कामावर आलेली, घरात अहिराणी किंवा भिली. दोन मुलं गुजराती माध्यमातून आलेली. तीन खासगी शाळेतून, फी न झेपल्याने. या नऊही मुलांना एकेकटं बसवून दोन छोट्या गोष्टी केल्या.

पहिली, एक मिनिट मोठ्याने वाचन. तिसरीच्या पुस्तकातला न पाहिलेला उतारा, बरोबर वाचलेले शब्द मोजायचे. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या कार्यक्रमाच्या उद्दिष्टांप्रमाणे दुसरीअखेर मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीअखेर किमान 60 शब्द अपेक्षित आहेत. नऊपैकी पाच मुलं तीसच्याही खाली होती.

दुसरी गोष्ट या पाच मुलांपुरती. प्रत्येकाला सहा शाब्दिक उदाहरणं दिली, एकूण तीस. मुलांनी स्वतः वाचून सोडवली तेव्हा सात बरोबर आली. त्याच धर्तीची दुसरी सहा उदाहरणं वाचून दाखवली, शब्दाचा अर्थ विचारला तर सांगितला, तेव्हा सोळा बरोबर आली. म्हणजे सत्रांत परीक्षेत या मुलांचे जे गुण गेले, त्यांतले पुष्कळसे गणितात गेलेच नव्हते, वाचता न आल्याने गेले होते. मराठीचा तास याच वर्गाला दुसऱ्या बाई घेतात. गणिताच्या बाईंचं मूल्यांकन करताना मराठीच्या वाचनाचा भार त्यांच्यावर टाकणं बरोबर नाही. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 प्रमाणे प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता ओळखून लागेल तशी जादा मदत देणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. सप्टेंबरमध्ये एखाद्याला प्रश्न वाचता येत नाही हे बाईंच्या लक्षात यायला हवं होतं. ते का आलं नाही, हे तास पाहिल्यावर कळलं.

तास पाहणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, आणि सगळ्यात कमी वेळ इथेच दिला जातो. दहा मिनिटं दारात उभं राहून फलक आणि भिंतीवरचे तक्ते पाहणं म्हणजे निरीक्षण नव्हे.

बडोद्याच्या मराठी शाळांत एक खास अडचण येते. निरीक्षक बरेचदा गुजराती भाषिक असतात. त्यांना मराठी कळतं, पण मुलाने उत्तरात नेमका कुठला शब्द चुकवला, प्रश्नाची भाषा त्याला अवघड गेली का, हे टिपता येईलच असं नाही. म्हणून इथे दोन निरीक्षक ठेवले: एक सीआरसी को-ऑर्डिनेटर आणि दुसऱ्या एका मराठी शाळेच्या आचार्या. यामागे आणखीही कारण आहे. अमेरिकेत 2009 ते 2012 या काळात सुमारे 3000 शिक्षकांच्या वर्गांवर मूल्यांकनाचा मोठा अभ्यास झाला. त्यात दिसलं की एकाच निरीक्षकाने आणखी एक तास पाहण्यापेक्षा दुसऱ्या व्यक्तीने दुसरा तास पाहिला तर गुणांवर जास्त विसंबता येतं. जास्त माणसं हवीत, एकाच माणसाच्या जास्त फेऱ्या नव्हेत.

पहिला तास दोघांनी एकत्र पाहिला, बाईंना आदल्या दिवशी सांगून. दुसरा तास आठवड्याने, फक्त आचार्यांनी, न सांगता. साधनं साधी: बाकांचा नकाशा काढलेला कागद, प्रत्येक हजर मुलासाठी एक चौकट, पेन्सिल आणि घड्याळ. बाईंनी एखाद्या मुलाला प्रश्न विचारला की त्याच्या चौकटीत एक रेघ. सगळ्या वर्गाने एकसुरात उत्तर दिलं तर बाजूला वेगळी रेघ. दर पाच मिनिटांनी एकदा वर्गावर नजर फिरवून कोण कामात आहे आणि कोण नाही तेवढं टिपायचं. या वेळात मत लिहायचं नाही. ‘छान’, ‘कंटाळवाणं’, ‘उत्साही’ असे शब्द कागदावर आले की पुढचं सगळं निरीक्षण त्या शब्दाला पुरावा गोळा करत राहतं.

पहिल्या तासाला 21 मुलं हजर होती. प्रश्न 31 विचारले गेले. त्यांतल्या 22 प्रश्नांची उत्तरं त्याच वरच्या पाच मुलांनी दिली, 5 एकसुरात, आणि उरलेल्या सोळा मुलांच्या वाट्याला आले 4. न सांगता पाहिलेल्या तासातही चित्र तेच: 27 पैकी 18, 6 आणि 3. तेव्हा सांगून पाहिलेला तास सजवलेला नव्हता, हेही कळलं.

वेळेचा हिशोब आणखी बोलका होता. चाळीस मिनिटांत हजेरी आणि वह्या शोधण्यात 6 मिनिटं गेली, बाई फलकावर 17 मिनिटं, मुलं फलकावरून उतरवून घेत होती 13 मिनिटं. मुलांनी स्वतःच्या डोक्याने उदाहरण सोडवलं ती मिनिटं फक्त 4.

इथे एक मतभेद झाला, तो मुद्दाम सांगावासा वाटतो. तासानंतर दोघा निरीक्षकांनी एकमेकांशी न बोलता चार पातळ्यांच्या मोजपट्टीवर गुण दिले. ‘मुलांचा सहभाग’ या मुद्द्यावर सीआरसींनी 3 दिले, आचार्यांनी 2. सीआरसी म्हणाले, “बेन प्रश्न विचारतात आणि सगळा वर्ग मोठ्याने उत्तर देतो, हा सहभागच आहे.” आचार्यांनी नकाशा पुढे केला: एकसुरातल्या पाचही उत्तरांच्या वेळी मागच्या दोन बाकांवरची मुलं पुढच्यांचे ओठ पाहून अर्ध्या क्षणाने बोलत होती. सीआरसींनी आपला गुण बदलला नाही, पण एकसुरातलं उत्तर सहभागात मोजायचं नाही हे पुढच्या निरीक्षणासाठी दोघांनी लिहून ठेवलं. अशी फट राहिली तरी चालते. ती नोंदवली गेली पाहिजे, सरासरी काढून 2.5 करून झाकू नये.

वहीत काय दिसलं

वह्या तपासताना चांगल्या मुलांच्या वह्या पुढे येतात. त्या घ्यायच्या नाहीत. बाकांच्या नकाशावरून सहा नावं काढली, दोन वरची, दोन मधली, दोन नवीन आलेली, आणि प्रत्येकाच्या वहीतली शेवटच्या तीस दिवसांची पानं पाहिली.

एका मुलाच्या वहीत 503 वजा 267 हे उदाहरण होतं. त्याने आधी लिहिलं होतं 364. ते खोडून शेजारी 236, आणि त्यावर बाईंची लाल बरोबरची खूण. 364 हे उत्तर अंदाजपंचे आलेलं नाही. पाचातून दोन गेले तीन. शून्यातून सहा जात नाहीत, मग सहातून शून्य काढलं, राहिले सहा. तिनातून सात जात नाहीत, मग सातातून तीन काढले, राहिले चार. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा. मुलाला हातचा घेणं कळलेलंच नाही, विशेषतः मधे शून्य असताना. 236 त्याने फलकावरून उतरवलं. बाईंनी बरोबर उत्तरावर खूण केली आणि पान उलटलं. तीन आठवड्यांनी एकम कसोटीत (घटक चाचणीत) त्याच धर्तीच्या उदाहरणात तीच चूक पुन्हा झाली. सगळ्या वर्गाला पाच उदाहरणांची छोटी चाचणी दिली, तेव्हा ही चूक 11 मुलांत निघाली.

बाईंची वही-तपासणी नियमित होती. तारखा होत्या, सह्या होत्या, एकही पान सुटलेलं नव्हतं. रकाना भरायचा असता तर पूर्ण गुण द्यावे लागले असते. पण खोडलेलं उत्तर कोणी वाचत नव्हतं. मुलाला काय येत नाही हे त्या खोडलेल्या आकड्यातच लिहिलेलं होतं.

बैठक आणि नोंदीची भाषा

बैठकीला बाई, त्यांच्या आचार्या, सीआरसी आणि निरीक्षक आचार्या. वेळ शाळा सुटल्यावरची, दार बंद, इतर शिक्षक नाहीत. क्रम महत्त्वाचा. आधी पटाचा आणि दिवसांचा हिशोब मांडला, आणि ‘निकाल घसरला’ व ‘रस कमी’ ही दोन्ही वाक्यं पुराव्याअभावी काढून टाकत असल्याचं सीआरसींनी स्वतः सांगितलं. त्यानंतरच बाकांचा नकाशा बाईंसमोर ठेवला. हा क्रम उलटा केला असता तर बाई स्वतःचा बचाव करत राहिल्या असत्या आणि नकाशाकडे पाहिलंच गेलं नसतं.

निरीक्षकांनी काही सुचवलं नाही, एवढंच विचारलं, “बाई, या कागदावर तुम्हाला काय दिसतं?” बाईंनी रेघा मोजल्या. मग म्हणाल्या, “कोर्स पुरा करायचा असतो. येणाऱ्याला विचारलं की पुढे जाता येतं.” उत्तर प्रामाणिक होतं, आणि त्यात बावीस दिवसांचं नुकसान भरून काढायची घाईही होती. नुकसान बाईंमुळे झालं नव्हतं, पण ते भरून काढायची जी रीत त्यांनी निवडली ती मागच्या मुलांना महाग पडली.

एनसीईआरटीच्या पिंडिक्स या शिक्षकांच्या कामगिरीच्या चौकटीत प्राथमिक शिक्षकांसाठी सात निकष आणि चार पातळ्या आहेत, आणि शिक्षकाने वर्षातून किमान दोनदा स्वमूल्यांकन करावं अशी अपेक्षा आहे. बाईंच्या जुलैमधल्या स्वमूल्यांकनात सगळीकडे चौथी पातळी होती. याचा कोणाला राग येऊ नये. फॉर्म वरिष्ठांकडे जाणार हे माहीत असताना स्वतःला दुसरी पातळी कोण देईल? स्वमूल्यांकन शिक्षकाकडेच राहू द्यावं, बैठकीत त्याने हवं तर काढावं. नकाशा पाहिल्यावर बाईंनी ‘अध्यापनाच्या पद्धती’ या निकषावर आपणहून दुसरी पातळी लिहिली. दोघा निरीक्षकांची पातळीही तीच होती.

जुना शेरा कसा दुरुस्त केला, ते शब्दशः पाहण्यासारखं आहे. ‘अध्यापनात रस कमी’ याऐवजी आता नोंद अशी: ‘दोन तासांच्या निरीक्षणात 58 पैकी 40 प्रश्न पाच मुलांकडे गेले. एका तासात स्वतंत्र सोडवणुकीला 4 मिनिटं मिळाली. हातच्याच्या वजाबाकीतली चूक 11 मुलांत आहे आणि वही-तपासणीत ती पकडली गेली नाही. विषयज्ञान, नियमितपणा आणि फलकलेखन अपेक्षित पातळीवर.’ पहिल्या वाक्याला उत्तर देता येत नाही, फक्त अपमान गिळता येतो. दुसऱ्या नोंदीतलं प्रत्येक वाक्य बाई पडताळू शकतात, खोडू शकतात किंवा सुधारू शकतात.

नोंदीची प्रत बाईंना त्याच दिवशी दिली आणि पोच घेतली. हा शिष्टाचाराचा भाग नाही. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या 2008 च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. 2013 मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तेच कायम केलं. न कळवलेला शेरा उच्चतर पगारधोरणाच्या वेळी बाहेर आला की शिक्षक न्यायालयात जातो, आणि मग शेरा खरा होता की खोटा हा प्रश्न मागे पडतो.

एक गल्लत इथेच दूर केलेली बरी. गुजरातेत 2009 पासून गुणोत्सव हा शाळांच्या मूल्यांकनाचा सरकारी कार्यक्रम आहे आणि आता गुणोत्सव 2.0 मध्ये शाळा निरीक्षक येऊन मूल्यांकन करतात. ते मूल्यांकन शाळेचं असतं. शाळेची श्रेणी घसरली म्हणून ती एका शिक्षकाच्या फाइलमध्ये उतरवायची नाही. मूळ शेऱ्यामागे असंच काहीसं घडलं असण्याचा संभव आहे: शाळेचा आकडा खाली आला, कोणाकडे तरी बोट दाखवायला हवं होतं, आणि चौथीची सरासरी हाताशी होती.

बारा आठवडे

दिवाळीची सुट्टी संपल्यावर योजना सुरू झाली. बाईंच्या बाजूला तीन गोष्टी, शाळेच्या बाजूला तीन. एकतर्फी योजनेवर सही करू नये, असं शिक्षकांना आमचं सांगणं आहे.

बाईंनी आइसक्रीमच्या काड्यांवर चोवीस नावं लिहिली आणि डब्यातून काडी काढून प्रश्न विचारायला लागल्या. प्रश्नानंतर नाव घेण्याआधी मनात तीन आकडे. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलं जास्त बोलतात, उत्तरं लांबतात. पहिले पंधरा दिवस ही रीत फसली. काडी निघालेलं मूल गप्प, बाकीचे हात वर, आणि बाई अवघडून पुन्हा हुशार मुलाकडे वळायच्या. उपाय असा निघाला: गप्प राहिलेल्या मुलाला दुसऱ्याचं उत्तर ऐकून तेच आपल्या शब्दांत सांगायचं. मग काडी परत डब्यात, म्हणजे पुन्हा नंबर लागू शकतो.

वजाबाकीसाठी त्या 11 मुलांचा गट, आठवड्यातून चार दिवस, प्रार्थनेनंतर वीस मिनिटं. शंभर, दहा आणि एक रुपयाच्या खोट्या नोटा. 503 रुपयांतून 267 द्यायचे तर सुटे करावेच लागतात: शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा, त्यातली एक मोडून एकाचे दहा. ही मोडामोड हाताने होईपर्यंत कागदावरची मांडणी सुरू केली नाही. तिसरं, वहीत चूक दिसली की बरोबर उत्तर उतरवायचं नाही. खाली नवं उदाहरण बाई घालणार, मूल ते सोडवणार, आणि खूण त्यावर.

शाळेने बीएलओच्या कामाची वेळ शाळा सुटल्यानंतर ठेवण्याची लेखी विनंती केली. बाई नसतील त्या दिवशी चौथीचा गणिताचा तास पाचवीच्या सरांनी घ्यायचा, वर्ग नुसता जोडून ठेवायचा नाही. आणि कमी वाचणाऱ्या पाच मुलांना मराठीच्या बाईंनी रोज पंधरा मिनिटं दुसरीच्या पुस्तकापासून वाचायला बसवायचं.

फेब्रुवारीत त्याच आचार्यांनी न सांगता तास पाहिला. प्रश्न 29. वरच्या पाच मुलांकडे 11, एकसुरात 4, इतरांकडे 14. स्वतंत्र सोडवणुकीला मिनिटं 4 वरून 12 वर गेली. वजाबाकीच्या गटातली सात मुलं पाचपैकी चार उदाहरणं बरोबर सोडवत होती. दोघं अजून शून्यावर अडत होती. दोघं डिसेंबरमध्ये आईवडिलांबरोबर दुसऱ्या साइटवर गेली, त्यांचा दाखलाही कोणी नेला नाही. शाळेने घ्यायच्या जबाबदाऱ्यांपैकी बीएलओच्या वेळेची विनंती मान्य झाली नाही, जानेवारीत बाई आणखी सहा दिवस वर्गाबाहेर होत्या. पाचवीच्या सरांनी त्यांतले चार तास घेतले.

अंतिम नोंदीत ‘अध्यापनाच्या पद्धती’ या निकषावर तिसरी पातळी लिहिली गेली. सीआरसींनी चौथी सुचवली होती. आचार्यांनी हरकत घेतली की एका तासाच्या पुराव्यावर दोन पातळ्यांची उडी घेता येणार नाही, आणि ती हरकत मान्य झाली. बाईंनी नोंदीवर सही करताना एक ओळ स्वतःच्या हाताने जोडली: शून्यावर अडणाऱ्या दोन मुलांची नावं आणि त्यांना कुठलं उदाहरण येत नाही ते.

ती ओळ जूनमध्ये पाचवीच्या सरांकडे जाईल. त्याबरोबर 15 दिवसांच्या आत करायची आरंभ-चाचणीही जाईल: एक मिनिट वाचन, हातच्याच्या वजाबाकीची पाच उदाहरणं, वाचून दाखवलेली तीन शाब्दिक उदाहरणं. उत्तरपत्रिका दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकाने तपासायच्या, आणि पटावर प्रत्येक मुलाच्या नावापुढे दाखल झाल्याची तारीख लिहायची.